स्वयंपाकघरातल्या चपला

मंडळी, एक सोपा प्रश्न विचारतो. माणसाचं वाटोळं कशानं होतं? चूक केल्यानं? की केलेली चूक झाकल्यानं? — माना हलवू नका! मान नंदीबैलही हलवतो! आधी ऐका, मग उत्तर द्या.

बार्शीत शेट्यांचं घर. घरात यमुनाबाई, म्हणजे सासू. दीपाली, त्यांची सून. आणि रेवा, नुकतीच बोबडं सोडून नीट बोलायला लागलेली नात. मुलगा नोकरीला चाकणला, दिवाळीलाच घरी यायचा. म्हणजे घरात राज्य बायकांचं! — पुरुषमंडळी, हसू नका. तुमच्याही घरात तेच आहे, फक्त तुम्हाला कळवलेलं नाही!

तर दीपालीनं नवरात्रात फ्रिज घेतला. साधासुधा नव्हे हो! दाराला बाहेरून नळ. पेला धरला की गार पाणी! त्यासाठी ओट्याखालच्या नळापासून फ्रिजच्या पाठीपर्यंत बोटाएवढी पाइप नेलेली.

यमुनाबाई म्हणाल्या, "अगं, माठाला काय धाड भरलीय? कपाटात कुणी पाणी खेळवतं का?"

"आत्या, काही होत नाही. मी आहे ना बघायला!"

फ्रिज बसवणारा आला. जाताना त्यानं दोघींना बजावलं, "ताई, मागं वीतभर जागा राहू द्या. पाइप दबली तर सांध्यातनं पाणी गळंल. आणि भिंतीतला प्लग लांब पडतोय म्हणून हा वायरीचा बोर्ड खाली ठेवलाय. तेवढा वर भिंतीला ठोकून घ्या हां, विसरू नका."

"हो हो, आजच!" दीपाली म्हणाली. आपलं 'आजच' कसं असतं, मी काय सांगू तुम्हाला! बोर्ड राहिला जमिनीवर.

मग आली खंडेनवमी. यंत्रांची पूजा! मिक्सरला कुंकू, शिलाई मशीनला झेंडूचा हार. आणि फ्रिज तर त्या दिवशीचा नवरदेव! त्याच्यापुढं रांगोळी नको? पण स्वयंपाकघर चिंचोळं. दीपाली आंघोळीला गेलेली. यमुनाबाईंनी पदर खोचला, दोन्ही हात लावले आणि फ्रिज लोटला थेट भिंतीला!

मागं 'कट्' वाजलं.

बाईंनी ऐकलं हो! नीट ऐकलं. आणि काय केलं? रांगोळी काढली!

दुसऱ्या दिवशी फ्रिजखालनं पाण्याचा ओघळ. पहिल्यांदा यमुनाबाईंना दिसला. मनाशी म्हणाल्या, 'मीच लोटला. आता सून म्हणेल, म्हातारीला एक गोष्ट सांगून उपयोग नाही.' घेतलं जुनं लुगडं, टाकलं पुसून. थोड्या वेळानं दीपालीला दिसला. तीही मनाशी म्हणाली, 'आत्या म्हणणार, मी सांगितलं होतं!' घेतला टॉवेल, टाकलं पुसून.

मग काय! सून भाजीला गेली की सासू पुसतेय, सासू देवळात गेली की सून पुसतेय! आणि जेवायला समोरासमोर बसून एकमेकींना म्हणतात, "आमटी काय फक्कड झालीय आज!"

हसलात? हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

एके दिवशी दीपालीनं ओल्या फरशीवर उभं राहून फ्रिजचं दार धरलं आणि हाताला झिणझिण्या आल्या! तिनं हात झटक्यात काढला. बोर्ड! पाणी बोर्डापर्यंत गेलं होतं! अहो, त्याच क्षणी हाक मारायची ना? पण नाही मारली. बोर्ड ठोकायचा कुणी होता? तिनंच! 'उद्या आत्या भजनाला गेल्या की त्या माणसाला गुपचूप बोलावते,' असं म्हणाली मनाशी आणि पायात रबरी चपला घालून स्वयंपाक करायला लागली.

मंडळी, त्या घरात स्वयंपाकघरात चपला म्हणजे महापाप! यमुनाबाईंनी पाहुण्यांना दारातून परत पाठवलंय चपलांवरून. आणि त्या दिवशी त्यांनी सुनेच्या पायांकडं बघितलं, आणि एक शब्द बोलल्या नाहीत!

का? कारण संध्याकाळी फ्रिजमधनं दूध काढताना त्यांनाही झिणझिण्या आल्या होत्या. त्याही चपला घालूनच आत आल्या!

एकीनं दुसरीच्या पायांकडं बघितलं, दुसरीनं पहिलीच्या. विचारलं कुणीच नाही. भीती वाटली हो! विजेची वाटली त्याच्या दसपट एकमेकींची वाटली!

दोघींच्या पायात चपला. आणि रेवाच्या?

दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ. दीपाली मागच्या दारात, यमुनाबाई देवघराच्या उंबऱ्यावर. छुम छुम छुम — पोर आली धावत! हातात स्टीलचा पेला. अनवाणी! फरशीवर पाण्याचं तळं, त्यात तिनं पाऊल टाकलं आणि पेला उचलला नळाकडं...

"रेवा! हात लावू नकोस! करंट आहे!"

दोन दारांतून दोन आवाज, मंडळी! शब्दाला शब्द तोच!

पोर जागीच थिजली. पेला खणकन पडला. दीपाली धावली तशी यमुनाबाई ओरडल्या, "थांब! पाण्यात नको जाऊ!" आणि भिंतीला लागून पळत जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर बंद झाली. मग आईनं लेकीला उचललं, अशी आवळली की पोर रडायला लागली.

आणि त्या रडण्यात दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"आत्या... तुम्हाला माहीत होतं?"

"तुलाही?"

यमुनाबाई म्हणाल्या, "मी लोटला गं फ्रिज. रांगोळीसाठी."

"बोर्ड मी ठोकला नाही, आत्या."

फ्रिज बसवणारा माणूस आला. ओट्याखालचा नळ बंद केला, फ्रिज पुढं ओढला. चेपलेलं टोक कापलं, पाइप सरळ करून सांध्यात घट्ट बसवली, मागं वीतभर जागा सोडली. बोर्ड गेला भिंतीवर. चहा उकळेपर्यंतचं काम! आणि एवढ्याशा कामासाठी ते लेकरू मरणाच्या दारात उभं राहिलं!

आता द्या उत्तर. वाटोळं कशानं होतं, चूक केल्यानं की झाकल्यानं?

आत्ता ऐकता ऐकता प्रत्येकाला घरातलं एक माणूस आठवलंय, ज्याला काहीतरी सांगायचं राहिलंय. काहींच्या तर ते शेजारीच बसलंय. तिकडं बघायचं टाळताय, मला इथनं दिसतंय! मलाही भीती वाटते हो तुमच्याकडं बघून. कारण तुमच्याही घरात कुणीतरी अनवाणी फिरतंय.

म्हणून असं करू. मी आता देवाचं नाव घेतो, खूप मोठ्यानं घेतो. तेवढ्यात तुम्ही त्या माणसाच्या कानाला लागा आणि सांगून टाका. दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही, याची जबाबदारी माझी. वाजवा हो मृदंग, जोरात वाजवा!