भाऊजींनी ठेवलेलं नाव

नाही, पण मला एक सांगा, चांगल्या चालत्या सर्व्हरमधलं नाव कोणी बदलतं का? आमच्या भाऊजींनी बदललं! भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, आणि घरचे इंजिनिअर; का, तर एकदा त्यांनी टीव्हीला थाप मारली आणि तो सुरू झाला. सासऱ्यांचं एक्स-रे सेंटर आहे, वीस वर्षांत आसपास मोडलेलं एकूण एक हाड त्या सर्व्हरवर आहे. आता मी स्वतः नोकरीत हेच करते, दिवसभर लोकांचे सर्व्हर सांभाळते, पण सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "काहीतरी टाइप करत असते बिचारी." मी काय बोलणार, लग्नाला जेमतेम तीन महिने!

तर तुम्हाला सांगते, परवा मला सुट्टी, म्हणून मीही सेंटरवरच होते; सकाळी वीज गेली, अकराला आली आणि सर्व्हर काही उठेना. काळा पडदा, त्यावर एकच ओळ, सिस्टीमचा भाग सापडत नाही! आणि नेमका तेव्हाच सर्जनचा फोन, "त्या माळीबुवांचे जुने एक्स-रे पाठवा, दोन वाजता पाय उघडतोय, आत कुठला स्क्रू कुठे बसलाय ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही!" माळीबुवांची मुलगी काउंटरपाशी उभी, सासरे तिला "होईल हं, होईल" म्हणतायत आणि स्वतः मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेत...

भाऊजी म्हणाले, बंद करून चालू करू. केलं. जरा थंड होऊ दे. होऊ दिला. सासूबाई घरून फोनवर, "अरे, मागची वायर हलवून बघा!" हलवली. शेवटी माझ्या तोंडून निघालंच, "मी बघू का?" तर भाऊजी, "वहिनी, हे तुमच्या टायपिंगसारखं नसतं हो." मी काय बोलणार, तीन महिने!

पण साडेबारा वाजले, ती मुलगी रडायला लागली, आणि सासरेच म्हणाले, "बघ गं तू." बघितलं. आता हे काही फार अवघड नाही, डिस्कच्या जागेत भिंती घालून खोल्या पाडून देणारा एक कारभारी असतो, व्हॉल्यूम मॅनेजर. सर्व्हर सुरू होताना त्याने आधी उठायचं, त्या खोल्यांना ठरल्या नावाने हाक मारायची, मग सिस्टीमची खोली उघडते आणि बाकी घर जागं होतं. महिन्यापूर्वी नवी डिस्क जोडताना भाऊजींनी ते नाव बदललं, आणि सुरू होतानाच्या यादीत मात्र जुनंच राहिलं! चालू होता तोवर कुणाला पत्ता नाही. आता कारभारी जुन्या नावाने हाका मारतोय, मारतोय... आतून ओ कोण देणार?

पेनड्राइव्हवरून सर्व्हर उठवला, खोल्या उघडल्या, हाडं सगळी जागच्या जागी! जिथे जिथे जुनं नाव होतं तिथे नवं लिहिलं, कारभाऱ्याच्या हातात नवी यादी दिली. भाऊजी मागे वाकून वाचत होते, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हळूच म्हणाले, "वहिनी, आधी नुसती कसली तरी अक्षरं होती हो, म्हणून मी बाबांचं नाव ठेवलं." आता यावर माणसाने रागवायचं तरी कसं?

एक वाजून दहा मिनिटांनी माळीबुवांचा पाय पडद्यावर आला, सात स्क्रूंसकट. मी तो लगेच सर्जनला पाठवला, मुलगी डोळे पुसत हॉस्पिटलकडे पळाली. सासऱ्यांनी विचारलं, "काय झालं होतं गं?" भाऊजी माझ्याकडे बघायला लागले... मी म्हटलं, "काही नाही बाबा, वय झालंय मशीनचं."

झालं! सासरे म्हणाले, "मग नवंच आणू! बसवायला आपला धाकटा आहेच." आता खरं सांगावं, तर आधी खोटं बोलले ते सांगावं लागणार. त्यापेक्षा बसवणं सोपं. मी भाऊजींना बाजूला घेऊन म्हटलं, "खोकं तुम्ही उघडा, बाकी मी बघते."

तर म्हणतात कसे, "चालेल वहिनी, अडलं तर विचारा हं मला!"