निर्धूर चूल

रत्नागिरीच्या स्टँडवर भाट्याच्या गाडीला रांग होती. दमयंतीबाईंच्या पुढे, त्या शिकवत त्या निर्धूर चुलीच्या वर्गातल्या दोघी उभ्या होत्या. बाई मागे आहेत, याचा दोघींना पत्ता नव्हता.

"हौसा, नवी चूल कशी चालतेय गो?"

"झकास! धुराचं नाव नाही."

"मग तोंड का गो पाडलंस?"

"अगो, धूर होता तोवर सासूबाई चुलीकडे फिरकत नव्हत्या. आता दिवसभर तिथेच पाट मांडून बसतात. आमटी माझी, मीठ त्यांचं!"

"अगो बाय! मग?"

"काल धुराड्यात नारळाचं सोडण कोंबलं. दोनदा ठसकल्या नि ओटीवर जाऊन बसल्या!"

"बाईंना कळलं तर?"

दमयंतीबाई पुढे वाकल्या.

"सोडण ओलं घ्यावं गो. सुकं पेटतं. आमच्याकडे पेटलं होतं."