साळूबाईंचा आवाज

कोपरगावच्या कडेला, जनावरांच्या दवाखान्यात, माझ्यापुढं दोन बायका बसल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवरच्या टोपलीत जखमी कोंबडी होती.

"साळूबाई, जरा मोठ्यानं बोला की. काई ऐकू येईना."

"आसंच ऐका. बिबट्या रोज खुराड्याशी यायचा. म्हनून माझ्या पोरानं, करणनं, भाजीवाल्याचा आसतो तसला भोंगा आनला. त्यात माझाच आवाज भरला, 'हाड, हाड!' लावला दिवसभर."

"पळाला मग?"

"चार दिस पळाला. पाचव्या दिशी भोंग्याम्होरं येऊन बसला. कान टवकारून ऐकत हुता."

"अगं बया!"

"भोंगा काढून टाकला, तरी येतोय. काल भर दुपारी नातीला हाक मारली, 'पूजा, जेवाया ये.' ती यायच्या आदी उसातनं तोच आला."

"पोरीला काई केलं?"

"तिच्याकडं बघितलंबी न्हाई. माझ्या तोंडाकडं बघत बसला. मी गप झाले, तवा उठला. जाता जाता ह्या कोंबडीला पंजा मारला."

"पन हितं दवाखान्यात कशाला येतोय तो? बोला मोकळं."

"ह्या खिडकीमागं आमचाच ऊस हाय, ताई."

आतून कंपाउंडर ओरडला, "साळूबाई कोण?"

म्हातारीनं नुसता हात वर केला.