वरच्या मजल्याची हकीकत

केतकी : म्हणजे आधी कापसाची वखार, मग मुलींची शाळा आणि अडुसष्टच्या पुरानंतर लूमचा कारखाना. बरोबर ना, सुकलालभाऊ?

सुकलाल : हो ताई. पुराचं पाणी त्या झरोक्यापावत आलं होतं. शाळेची घंटा मीच उतरवली. तव्हापासून इथं वॉचमन आहे मी.

केतकी : छान. इथं उघडणाऱ्या आमच्या बँकेच्या उद्घाटनाला पाहुण्यांना ही पुस्तिका वाटायचीय. साहेबांना या इमारतीचा पूर्ण इतिहास हवाय. चौऱ्याण्णवनंतर दोन वर्षं ती बंद का होती?

सुकलाल : प्लेग आला ना तव्हा.

केतकी : पण तो तर महिन्याभरात आटोपला.

सुकलाल : आटोपला. पण या मजल्यावर चढायला कोणी कारागीर तयार होईना. लिहा ताई. आपण बसलो ना, याच खोलीत आमच्या गावचा पंडित नावाचा कारागीर मेला. पंडित लोटन महाजन.

केतकी : प्लेगनं?

सुकलाल : तापानं. बाकी सारे स्टेशनाकडे पळाले, त्याला उठवत नव्हतं. लूमचे मालक, आमचे शेठ, तोंडाला रुमाल बांधून जिन्यात उभे. म्हणे, महापालिकेला कळलं तर बिल्डिंगला सील मारतील. वर कुलूप लाव.

केतकी : आणि तुम्ही लावलंत?

सुकलाल : लावलं. तो आतून म्हणे, सुकाभाऊ, मला प्लेग नाही, हिवताप आहे, दर पावसाळ्यात येतो. पाणी दे.

केतकी : दिलंत?

सुकलाल : मी खाली जाऊन रेडिओ मोठा केला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शेठच्या टेम्पोत घालून दवाखान्याच्या दारात ठेवला. बेवारस म्हणून जळाला. तिथला वॉर्डबॉय मला नंतर भेटला. म्हणे, प्लेग नव्हताच त्याला.

केतकी : घरी काय कळवलंत?

सुकलाल : बायको आली होती शोधत. सुवर्णा नाव. शेठ म्हणे, काहीतरी सांगून वाटेला लाव. मी सांगितलं, तो तिकडं हजीऱ्याला कारखान्यात लागला, दुसऱ्या बाईसोबत राहतो. आठ महिने ती तिथल्या एकेका कारखान्याच्या गेटावर उभी राहिली. मग गावी गेली तर सासरच्यांनी दारातूनच परत लावली. नवरा सांभाळता आला नाही म्हणे तुला.

केतकी : आता कुठे असते?

सुकलाल : खाली बादली भरू राहिली. तुमच्या बँकेत झाडू-पोछ्याचं काम मीच लावून दिलं तिला. तिच्यासमोर माझं तोंड उघडत नाही, ताई. तुम्ही शिकलेल्या. एक ओळ लिहा. कोणी ना कोणी वाचून दाखवील तिला.

केतकी : इमारत शेठची आहे. उद्घाटनाची फीत तेच कापणार आहेत.

सुकलाल : शेठचं नका लिहू. नुसतं पंडितचं नाव लिहा.

केतकी : 'काही काळ इमारत रिकामी होती', एवढं लिहिते. आणि एक लक्षात ठेवा. शेठ म्हणतील, मला काय ठाऊक. कुलूप तुमच्या हातानं लागलंय. पोलीस आले तर कुणाला नेतील?

सुकलाल : नेऊ द्या मला.

केतकी : तुम्हाला नेतील. आणि तिचं काय? आपण हजीऱ्याला वणवण करत होतो आणि नवरा इथं पाणी पाणी करून कधीच मेला होता, हे घेऊन तिनं कुठं जायचं? मोकळं तुम्हाला व्हायचंय, सुकलालभाऊ. तिच्या जिवावर.

सुकलाल : तसं नाही ताई...

केतकी : तसंच आहे. डोळे पुसा. ती वर येतेय.

(सुवर्णा बादली घेऊन दारात येते.)

सुवर्णा : ताई, लिहिणं झालं का? फरशी पुसायची राहिली इथली.

केतकी : झालंच. या तुम्ही.

सुवर्णा : कायचं पुस्तक आहे हे?

केतकी : या बिल्डिंगची माहिती. कुणी बांधली, आधी इथे काय काय होतं.

सुवर्णा : आमचे बी इथंच राहायचे, लूमवर होते तव्हा. या सुकाभाऊनं त्यांचं नाव टाकायला लावलं का काय?

सुकलाल : सुवर्णा, ऐक, मी तुला—

केतकी : नाही. त्यांचं नाव नाही यात.

सुवर्णा : बरं झालं. बायको टाकून पळाला, त्याचं नाव कशाला छापायचं? पाय वर घ्या ताई, पुसून घेते.