हॉल रिकामा ठेवायची अट

तुम्हाला सांगते, मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. पनवेलला गाढी नदीच्या काठी पहिल्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, पण मालक जोशीकाकांची एकच अट होती: हॉलमध्ये सोफा ठेवायचा नाही. कारण विचारायचं धाडस माझं झालं नाही.

जुलैत एका दुपारी नदी गेटपाशी आली. तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकू मिक्सर घेऊन सरळ आत शिरल्या.

"काकू, काय झालं?"

"काय नाय गं, दरवर्षीचं हाय. हॉल मोकला हाय ना?"

मग त्यांचा टीव्ही आला, तांदळाचा डबा आला. त्यांच्या शेजारच्या आजी देव्हाऱ्यासकट आल्या. मी ओट्यावर चढून बसले आणि पुण्याला जोशीकाकांना फोन लावत राहिले. अखेर त्यांनी उचलला.

"काका, पाणी वर येणार का?"

"म्हात्र्यांचं काय काय आलंय?"

"मिक्सर, टीव्ही, तांदूळ."

"मग काही नाही. फ्रिज आला तरच घाबरायचं. तो ते उगाच हलवत नाहीत."

तेवढ्यात जिन्यातून म्हात्रेकाकांचा आवाज आला, "पोरी, दार पुरतं उघड. फ्रिज अडकलाय."