मोहाखालचा धूर

हॅलो?… हो, साकोलीच… मी केशर बोलून राहिली. कोण, रत्ना?… अवं मोठ्यानं बोल! एकोडीच्या पोस्टातून तुहा आवाज विहिरीतून आल्यावानी येते.

चैत्रातली टळटळीत दुपार होती. केशरबाईंचे यजमान परसराम माल आणायला भंडाऱ्याला गेले होते आणि किराणा दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं. आतल्या खाटेवर धाकट्या बहिणीची, रत्नाची, सात वर्षांची तुळसा झोपली होती. केशरबाईंचा कान फोनला होता, पण डोळे काही पोरीवरून हलेनात.

हो, हो… बरी हाये तुही पोरगी… नाई, आता दम नाई लागत. छातीबी नाई वाजत… जेवली ना! भात खाल्ला, वरून आंबील पेली… काय म्हणते? मोहफुलं लागली पडाले?

झालं! केशरबाई साकोलीत राहिल्याच नाहीत. पहाटेची धानाची बांधी, मोहाची झाडं, पायाखाली टपटपणारी फुलं आणि दोघी बहिणींच्या टोपल्या. सगळीकडे तो गोड, जडसा वास. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला फुलं पडायच्या आधीच, दुपारी जाळून टाकायचा, ही सगळ्यांचीच रीत. त्यांचे वडीलही जाळायचे. वारा पडला की तो धूर गावावरच बसून राहायचा. यंदा तो तुळसेच्या छातीत बसला होता, म्हणून दहा दिवसांपूर्वी तिला साकोलीला आणलं होतं.

अवं ऐक ना… डॉक्टर काय म्हणाले, पुन्हा सांगतो. ऊन कडक असलं अना वारा बंद असला, का त्या दिवशी काहीच जाळाचं नाई. उन्हानं धूर आणखी तिखट होते म्हणे… हो, दुपारी लेकरू घरातच. खेळणं सकाळी, ऊन चढाच्या आत… पण तू एकटीनं नाई जाळलं त काय उपेग? तुह्या शेजारचा केवळराम जाळनच ना!

काय?… केवळरामानंबी नाई पेटवलं?… कोणीच नाई?… तू घरोघरी गेली? तू? पाहुणा आला का दाराआड लपणारी तू?… काय सांगतं! खराट्यानं झाडलं? साऱ्या मोहांखाली?… अना जुनी लुगडी अंथरली?

केशरबाईंनी डोळे मिटले. हिरवी, तांबडी, विटकी लुगडी झाडांखाली पसरलेली आणि त्यांच्यावर अलगद पडणारी पिवळसर फुलं. आवाजसुद्धा नाही. दहा दिवस त्या हेच तर मागत होत्या. त्यांना इतका आनंद झाला, की रत्ना पुढे काय बोलतेय ते क्षणभर कळलंच नाही.

अं?… हो, ऐकून राहिली… उद्या? तुळसेले न्याले येतं?

केशरबाईंना मूलबाळ नव्हतं. दहा दिवस त्यांनी तुळसेची वेणी घातली होती, तिच्या तोंडून ‘मोठीमाय’ ऐकलं होतं. डॉक्टरांनी अजून थांबायला सांगितलंय, एवढंच म्हटलं असतं तरी आणखी आठ दिवस निघाले असते. रत्ना त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

…नाई, नाई. मी कायले अडवू?… पण दुपारच्या गाडीनं नोको येऊ. सकाळच्या पयल्या गाडीनं ये, अना लगेच परत घेऊन जाय… औषध देतो ना बांधून. अना चुलीपाशी नोको बसवू तिले… मी? मी कायले रडू? घसा बसला माहा… हो ऑपरेटर साहेब, तीन मिनिटं झाली, ठेवतो, ठेवतो… रत्ना, ऐक—

लाइन कटली. केशरबाईंनी रिसीव्हर तसाच कानाशी धरला.

“राहू दे ना वं तिले माह्यापाशी,” त्या बंद फोनात म्हणाल्या. मग रिसीव्हर जागेवर ठेवून तुळसेचे कपडे गोळा करायला उठल्या.