रिकामी पट्टी

सासरे: साडेसहाला थायरॉइडची, उपाशीपोटी. सातला पित्ताची कॅप्सूल. साडेसातला चहा, आठला रक्तदाबाची. मग हाताच्या थरथरीची, आणि तिने पोटात ढवळतं म्हणून तिच्यामागोमाग मळमळीची. घड्याळं दुरुस्त करायचं सुटलं, सूनबाई, आता मीच घड्याळ झालोय. वेळेवर वाजतो.

सून: बाबा, सातची कॅप्सूल अजून घेतली नाही ना?

सासरे: दहा मिनिटं आहेत. का गं? तुझ्याच औषधांच्या काउंटरवरून आणतेस, आणि तूच अडवतेस?

सून: काल कपाट आवरताना तुमची कामाची वही सापडली. बसून सगळी चाळली.

सासरे: त्यात काय चाळायचं? ती गिऱ्हाइकांच्या घड्याळांची आहे.

सून: त्यात तुम्हीही आहात. हे बघा, गेल्या वर्षीचं. ‘चौदा जुलै. बायकी घड्याळ. स्क्रू दोनदा निसटला. हात.’ त्याआधीच्या कुठल्याही पानावर ‘हात’ हा शब्द नाही.

सासरे: वयाला कोण चुकलंय?

सून: मग डॉक्टरांची ही चिठ्ठी वाचा. खांद्याच्या गोळ्यांनी पित्त झालं होतं, तेव्हाची. गेल्याच वर्षीचा अकरा मार्च. कॅप्सूलच्या पुढे काय लिहिलंय?

सासरे: माझं भिंग दे. हं... ‘पंधरा दिवस.’

सून: आज दीड वर्ष होऊन गेलं.

सासरे: डॉक्टरांनी वाढवली असेल.

सून: डॉक्टरांनी नाही. मी वाढवली. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, रिकामी पट्टी आली की भरलेली द्यायची, किती दिवसांची म्हणून विचारत बसायचं नाही. त्यातून या कॅप्सूलला महिन्याचं टार्गेट. तुमच्या रिकाम्या पट्ट्या मीच घरून न्यायची. गिऱ्हाईकही मी, दुकानदारही मी.

सासरे: पण पित्ताचा आणि हाताचा संबंध काय?

सून: तिच्यात दोन औषधं आहेत. त्यातलं एक फार दिवस घेतलं, तर हात थरथरू शकतात. खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात छापलंय. तो कागद खोक्यातच राहतो, बाबा. माणसाच्या हातात नुसती पट्टी जाते.

सासरे: म्हणजे थरथरीची गोळी, मळमळीची गोळी, हे सगळं लटांबर त्या एका कॅप्सूलच्या मागे?

सून: असेलच असं नाही. ते मी ठरवायचं नाही. आमच्या रुग्णालयाबाहेरच्या एका डॉक्टरबाईंची दहाची वेळ घेतलीय, कामावर रजा सांगितलीय. त्या म्हणतील तसं. थरथरीची गोळी मात्र मनाने एकदम बंद करायची नाही, ती आज घ्या.

सासरे: दुरुस्तीनंतर घड्याळ अडलं, तर मी आधी काय बघायचो, ठाऊक आहे?

सून: शेवटी काय बसवलं, ते.

सासरे: हाताखालच्या पोरांना ओरडून ओरडून सांगायचो. स्वतःच्या बाबतीत सुचलं नाही. माणसाला मागचं झाकण नसतं ना.

सून: रागावलात माझ्यावर?

सासरे: तुझ्यावर रागावून चिमटा धरता आला असता, तर कडाडून रागावलो असतो. किती वाजले?

सून: सात.

सासरे: मग चहा टाक. आज अर्धा तास लवकर.

(तीन आठवड्यांनंतर. सून काम करते ते रुग्णालयातलं औषधांचं दुकान. काउंटरपुढे रांग.)

आजी: ही बघ बाई, पट्टी संपली. अश्शीच दुसरी दे.

सून: आजी, डॉक्टरांची चिठ्ठी आणलीय का?

प्रमुख: अगं, रिकामी पट्टी समोर दिसतेय की! रांग बघ केवढी झालीय. आणि तीच कॅप्सूल आहे, या महिन्यात आपण आधीच मागे आहोत.

सून: चिठ्ठी बघितल्याशिवाय मी देणार नाही, सर.

प्रमुख: तीन आठवडे तुझं हेच पालुपद चाललंय. गोदामात टाकू का तुला? तिथे खोकी मोजत बस, तुला प्रश्न विचारायला कुणी सापडणार नाही.

सून: टाका.

प्रमुख: बिनसलंय तरी काय तुझं?

सून: डॉक्टरबाईंनी हीच कॅप्सूल बंद केल्यावर आज सकाळी सासऱ्यांनी एका घड्याळाचा स्क्रू बसवला.

प्रमुख: मग? घड्याळजीच ना ते?

सून: हो. चौथ्या खेपेला बसला.

आजी: सापडली गं! पिशवीच्या तळाशी होती. जरा फाटलीय, चालेल?

सून: चालेल. या, अशा उजेडात या. किती दिवसांची लिहिलीय, ते आपण दोघी मिळून वाचू.